व्हीएमवर ओएस अपग्रेड फसलंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे खालची उत्तरं वाचताना संदर्भ लागेल. व्हीएम म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला खोटा कॉम्प्युटर: खरा तो होस्ट, आत चालणारी ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) ती गेस्ट, आणि हे सगळं जमवणारं सॉफ्टवेअर म्हणजे हायपरवायझर, जसं व्हीएमवेअर, हायपर-व्ही, व्हर्च्युअलबॉक्स किंवा केव्हीएम. अपग्रेड फसलं की आपण सगळे गेस्टच्या आत शिरून लॉग उपसत बसतो, मीही बरीच वर्षं तेच केलं, आणि शेवटी कळायचं की ओएस बिचारी ठीकच होती, कधीकाळी कोणीतरी नेक्स्ट-नेक्स्ट-फिनिश करून बनवलेलं ते खोकंच, म्हणजे व्हीएमच, जुनं होतं. जुनं बायोस (मशीन चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर), जुना सीपीयू टाइप, जेमतेम चाळीस जीबीची डिस्क. त्यामुळे अडलं की आधी व्हीएमच्या सेटिंगमध्ये डोकवा, मग आत जा.

स्नॅपशॉट घेतलाय, आता बिनधास्त अपग्रेड मारू का?

घेतलात ते बरं केलंत, पण बिनधास्त नको. स्नॅपशॉट म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची, परत मागे जाता येईल अशी नोंद; बॅकअप नाही. मूळ डिस्क तशीच गोठते आणि पुढचं सगळं लिखाण वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जातं, एवढंच होतं. मूळ फाइल गेली तर स्नॅपशॉटची किंमत शून्य. शिवाय ओएस अपग्रेड म्हणजे अर्धी सिस्टिम नव्याने लिहिली जाते, डेल्टा बघता बघता फुगतो, आणि खाली डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइल ठेवायची जागा) आधीच गळ्यापर्यंत भरलेला असेल तर तुमचीच नाही, त्याच्यावर बसलेल्या शेजारच्या व्हीएमसुद्धा लटकतात.

क्रम नीट पाळा. डिस्क वाढवायची असेल तर स्नॅपशॉटच्या आधी वाढवा, कारण व्हीएमवेअरमध्ये स्नॅपशॉट असताना डिस्क मोठी करता येत नाही, तो पर्याय नुसता करडा दिसतो आणि माणूस अर्धा तास परमिशन शोधत राहतो. दुसरं म्हणजे व्हीएमची प्रत्येक डिस्क स्नॅपशॉटमध्ये येतेच असं नाही, इंडिपेंडंट मोडवर ठेवलेली किंवा थेट होस्टवरून जोडलेली डिस्क बाहेरच राहते, मग परत मागे गेलात की ओएस कालची आणि डेटा आजचा अशी खिचडी होते. आत डेटाबेस असेल तर सरळ व्हीएम बंद करून स्नॅपशॉट घ्या, चालू मशीनच्या स्नॅपशॉटवर परत जाणं म्हणजे प्लग खेचून पुन्हा लावल्यासारखंच आहे.

आणि डोमेन कंट्रोलर (ऑफिसातल्या सगळ्यांची लॉगिन सांभाळणारा विंडोज सर्व्हर) असेल तर स्नॅपशॉटच्या भरवशावर राहूच नका. विंडोज सर्व्हर २०१२ पासून व्हीएम जनरेशन आयडी नावाची सोय आलीये जी मागे गेल्याचं ओळखते, पण त्यापेक्षा नवीन सर्व्हर उभा करून त्याला डोमेन कंट्रोलर करणं आणि जुना उतरवणं कितीतरी शांतपणे होतं.

मग आधी क्लोनवर करून बघू?

हो! व्हीएम असण्याचा खरा फायदा हाच तर आहे आणि नेमका तोच कोणी घेत नाही. फक्त क्लोन चालू करण्याआधी त्याचं नेटवर्क कार्ड काढून वेगळ्या नॅट (मूळ नेटवर्कपासून अलग) नेटवर्कवर टाका, नाहीतर एकाच आयपीच्या दोन मशीन एकमेकींशी भांडतील. लिनक्समध्ये अजून एक गंमत आहे, क्लोनची मशीन-आयडी फाइलसुद्धा तीच राहते आणि बऱ्याच डिस्ट्रोमध्ये (उबुंटू, डेबियनसारख्या लिनक्सच्या प्रकारांमध्ये) डीएचसीपीला, म्हणजे आयपी वाटणाऱ्या सर्व्हरला, तीच ओळख जाते, त्यामुळे मॅक अॅड्रेस वेगळा असूनही दोघींना एकच आयपी मिळतो. ती फाइल रिकामी करून रीबूट करा.

विंडोज १० वरून ११ करायचंय, पण "हा पीसी पात्र नाही" म्हणतंय. होस्ट तर नवाकोरा आहे!

होस्ट नवा असून उपयोग नाही, गेस्टला दिसतं ते खोटं हार्डवेअर. विंडोज ११ ला यूईएफआय (बायोसची जागा घेणारं नवं फर्मवेअर), सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू होऊ देणारी सोय), टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप), दोन कोअर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क लागते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून आता सगळ्यांची घाई चाललीये, आणि नेमक्या जुन्या व्हीएम बायोसवर बसलेल्या असतात.

मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही वापरत असाल तर आधी जनरेशन बघा, म्हणजे व्हीएमचा प्रकार: १ बायोसवाला, २ यूईएफआयवाला. जनरेशन १ असेल तर टीपीएमचा पर्यायच दिसणार नाही, आणि एकदा बनवलेल्या व्हीएमचं जनरेशन बदलता येत नाही. पण म्हणून सगळं नव्याने इन्स्टॉल करायची गरज नाही. विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल आहे, विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून सोबतच येतं, ते डेटा न पुसता डिस्कची मांडणी बायोसच्या एमबीआरवरून यूईएफआयला लागणाऱ्या जीपीटीवर आणतं. आधी व्हॅलिडेटचा पर्याय देऊन चालवा, तो नुसतं तपासून सांगतो. तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर तिथेच अडेल. बदल झाला की व्हीएम बंद करा, जुन्या व्हीएचडी फॉरमॅटची डिस्क असेल तर व्हीएचडीएक्समध्ये बदला कारण जनरेशन २ ला तीच चालते, आणि मग नवीन जनरेशन २ व्हीएम बनवून तिला ही डिस्क जोडा.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट आवृत्ती ७.० पासून आलं, त्यामुळे ६ वर असाल तर आधी तेच अपडेट करा. इथेही नुसतं ईएफआयवर (म्हणजे यूईएफआयवर) टिक मारलीत तर जुनी विंडोज बूट होणार नाही, आधी एमबीआर-टू-जीपीटी, मग टिक. व्हीएमवेअरमध्ये व्हर्च्युअल टीपीएम लावायला व्हीएम एन्क्रिप्ट करावी लागते, डेस्कटॉपवरचं वर्कस्टेशन पासवर्ड मागतं आणि अनेक होस्ट सांभाळणाऱ्या व्हीसेंटरला की-प्रोव्हायडर (किल्ल्या पुरवणारी सेवा) लागतो, ७.० अपडेट २ पासून तो आतच मिळतो. लिनक्सच्या केव्हीएमवर एसडब्ल्यू-टीपीएम पॅकेज (टीपीएमची नक्कल) आणि ओव्हीएमएफ फर्मवेअर (व्हीएमसाठीचं यूईएफआय), एवढं टाकलं की झालं.

टीपीएम लावल्यावर त्याची जबाबदारीही येते हे कोणी सांगत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की व्हीएमच्या बाहेर कुठेतरी ठेवा. आणि हायपर-व्हीची अशी व्हीएम दुसऱ्या होस्टवर नुसती कॉपी केलीत तर ती चालूच होत नाही, पहिल्या होस्टवरची सर्टिफिकेट्स खासगी की सकट न्यावी लागतात. होस्ट मेला आणि सर्टिफिकेट नाही, तर बसा.

रजिस्ट्रीत बदल करून ती तपासणी टाळता येते ना?

येते. टेस्टच्या व्हीएमला करा हवं तर. कामाच्या मशीनवर मी करत नाही, पुढच्या मोठ्या अपडेटला पुन्हा तिथेच अडकायचं असतं.

अपग्रेड बरंच पुढे जातं, रीस्टार्ट होतं आणि "बदल मागे घेत आहोत" म्हणून परत जुन्या विंडोजवर. का?

सी ड्राइव्हवर सेटअपने बनवलेल्या लपलेल्या बीटी फोल्डरमध्ये सोर्सेस आणि त्यात पँथर नावाचा फोल्डर असतो, रोलबॅकनंतरही तो बहुतेक वेळा राहतो. त्यात सेटअप-एरर आणि सेटअप-अॅक्ट अशा दोन लॉग फाइल असतात. दुसरी फाइल एवढी अवाढव्य असते की वाचणाऱ्याला घेरी येईल, तेव्हा मायक्रोसॉफ्टचं सेटअपडायग टूल चालवा, ते लॉग चाळून नेमकं कारण सांगायचा प्रयत्न करतं.

एरर कोड सी१९००१०१ ने सुरू होत असेल तर जवळजवळ नक्की ड्रायव्हर. व्हीएमवर ड्रायव्हर कुठले? जुने व्हीएमवेअर टूल्स (गेस्टमध्ये टाकायचे ड्रायव्हर), जुने व्हर्टआयओ ड्रायव्हर (तेच, पण केव्हीएमसाठी), आणि अँटिव्हायरस किंवा व्हीपीएनने घुसवलेले फिल्टर ड्रायव्हर. टूल्स नवीन करा, अँटिव्हायरस काढून टाका, नुसता बंद करून भागत नाही. आणि व्हीएमला लावलेलं फालतू सामान काढा: फ्लॉपी, साउंड कार्ड, सिरियल पोर्ट, जोडून ठेवलेला यूएसबी. ७००७० ने शेवट होत असेल तर जागा कमी आहे, विषय संपला.

अपग्रेड यशस्वी झालं पण पटलं नाही, तर परत जायला १० दिवस मिळतात, त्यानंतर जुनी विंडोज आपोआप पुसली जाते. जागा मोकळी करायच्या नादात पहिल्याच दिवशी डिस्क क्लीनअप मारून ती स्वतःच उडवणारे लोक आहेत, आपण त्यात नको.

अपग्रेडनंतर व्हीएम बूटच होत नाही, आणि कन्सोलवर सीपीयूबद्दल काहीतरी लिहिलंय.

हा माझा आवडता प्रश्न आहे कारण इथे गेस्टच्या आत कितीही खणलंत तरी हाती काही लागणार नाही. केव्हीएमवर पूर्वी व्हीएम बनवली की सीपीयू टाइप केव्हीएम६४ किंवा क्यूईएमयू६४ पडायचा. हेतू चांगला होता, कुठल्याही होस्टवर व्हीएम हलवता यावी, म्हणून गेस्टला मुद्दाम फार जुना, कमी फीचर असलेला सीपीयू दाखवायचे. होस्टमध्ये अगदी ताजा प्रोसेसर असला तरी गेस्टला एसएसई ४.२ किंवा पॉपकाउंट अशा प्रोसेसरच्या नव्या सोयी दिसतच नाहीत. आता रेड हॅट लिनक्स ९ आणि त्याच्या भावंडांना, म्हणजे अल्मा आणि रॉकी ९ ला, एक्स८६-६४-व्ही२ पातळीचा सीपीयू लागतो, नाहीतर "फेटल जीलिबसी एरर" देऊन कर्नल पॅनिक, म्हणजे ओएसचा गाभाच बंद पडतो. रेड हॅट १० ला तर व्ही३ लागतो, म्हणजे एव्हीएक्स२ वगैरे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीलाही एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट नसेल तर चालत नाही.

लीपने (रेड हॅटच्या अपग्रेड टूलने) अपग्रेड केलंत तर ते आधीच अडवून सांगतं. पण नवीन इमेज लावून जुनी डेटा डिस्क जोडणारे इथे हमखास आपटतात.

उपाय दोन मिनिटांचा आहे. व्हीएम पूर्ण बंद करा, आतून रीबूट केलेलं चालत नाही, सीपीयू टाइप बदला आणि चालू करा. एकच होस्ट असेल तर टाइप "होस्ट" ठेवा, क्लस्टर (एकत्र चालणारे अनेक होस्ट) असेल तर सगळ्या होस्टना झेपेल अशी समान पातळी. व्हीएमवेअर क्लस्टरवर हीच भानगड ईव्हीसी मोडमध्ये (क्लस्टरभर सीपीयूची एकच पातळी ठेवणाऱ्या सेटिंगमध्ये) लपलेली असते. आधीच तपासायचं असेल तर लिनक्स गेस्टमध्ये प्रोक फोल्डरमधली सीपीयूइन्फो फाइल उघडा आणि फ्लॅग्जच्या ओळीत एसएसई ४.२, पॉपकाउंट ही नावं आहेत का बघा.

उबुंटूला नवीन रिलीज सापडतच नाहीये.

एका एलटीएसवरून (दीर्घकाळ सपोर्ट मिळणाऱ्या आवृत्तीवरून) दुसऱ्या एलटीएसवर जाताना पुढच्या आवृत्तीची पहिली पॉइंट रिलीज येईपर्यंत डू-रिलीज-अपग्रेड (अपग्रेडची कमांड) काही दाखवत नाही. २४.०४ एप्रिल २०२४ ला आलं, २४.०४.१ ऑगस्टमध्ये, मधल्या काळात २२.०४ वाले विचारत राहिले की आमचं काय चुकलं. काहीच चुकलं नव्हतं. त्याशिवाय आधी सगळे चालू अपडेट टाकलेले हवेत, होल्ड केलेली (अपडेट रोखून धरलेली) पॅकेजेस सोडायला हवीत. २०.०४ वरून थेट २४.०४ ला उडी नाही, मधे २२.०४ ला थांबावंच लागतं. डेबियनचंही तसंच, ११ वरून १३ ला जायचं तर १२ मधून.

अपग्रेड चालू असताना एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) तुटलं. आता?

घाबरू नका आणि मुख्य म्हणजे व्हीएमला पॉवर-ऑफ करू नका, पॅकेजेस अर्धवट लिहिलेली असताना खेचलेला प्लग हा खरा अपघात. डू-रिलीज-अपग्रेड एसएसएचवरून चालवलं तर ते स्क्रीन नावाच्या प्रोग्राममध्ये, कनेक्शन तुटलं तरी जिवंत राहणाऱ्या सेशनमध्ये चालतं आणि १०२२ पोर्टवर एक जादाचा एसएसएच सर्व्हर उघडून ठेवतं. परत कनेक्ट व्हा आणि तीच कमांड पुन्हा द्या, ते तुम्हाला जुन्या सेशनला जोडून देतं. मात्र बाहेरच्या फायरवॉलमध्ये १०२२ उघडायचं कोणालाच आठवत नाही.

म्हणून अपग्रेडच्या आधी हायपरवायझरचा कन्सोल उघडून एकदा प्रत्यक्ष लॉगिन करून बघा. क्लाउडच्या इमेजमध्ये युजरला पासवर्डच नसतो, फक्त एसएसएचची की (किल्लीची फाइल) असते, आणि कन्सोलवर की चालत नाही. म्हणजे कन्सोल समोर आहे, लॉगिन प्रॉम्प्ट लुकलुकतोय आणि तुम्ही बाहेर. आधी एक पासवर्ड लावून ठेवा, काम झाल्यावर काढा.

अपग्रेड नीट झालं पण फक्त तुमच्या जुन्या क्लायंटवरूनच लॉगिन नाकारतंय, तर ते वेगळं. ओपनएसएसएच ८.८ पासून आरएसए कीची शा-१ ही जुनी सही डीफॉल्टने बंद आहे. क्लायंट नवीन करा किंवा ईडी२५५१९ या दुसऱ्या प्रकारची की बनवा.

मशीन चालू झाली पण नेटवर्क नाही.

कन्सोलवर जाऊन आधी इंटरफेसचं नाव बघा. ही नावं कार्ड कुठल्या पीसीआय स्लॉटवर आहे त्यावरून ठरतात, म्हणून ईएसएक्सआयवर ईएनएस१९२, व्हर्च्युअलबॉक्सवर ईएनपी०एस३, प्रॉक्समॉक्सवर ईएनएस१८ असं दिसतं. अपग्रेडसोबत कोणी कार्डचा प्रकार किंवा मशीन टाइप बदलला की नाव बदलतं, आणि कॉन्फिग मात्र जुन्याच नावाने वाट बघत बसतो. मॅक अॅड्रेसवरून जुळवणारा कॉन्फिग लिहा, पुन्हा हा त्रास नाही.

तुम्ही नेटप्लॅनची (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगची) फाइल दुरुस्त केलीत आणि रीबूटनंतर ती परत जशीच्या तशी झाली, तर त्यामागे क्लाउड-इनिट (क्लाउडच्या व्हीएमला आपोआप सेटिंग लावणारा प्रोग्राम) आहे, त्याला नेटवर्कमध्ये लुडबुड करू नको असं त्याच्या कॉन्फिगमध्ये सांगावं लागतं.

विंडोजमध्ये कार्ड बदललं की जुनं कार्ड भुतासारखं मागे राहतं आणि आयपी धरून बसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवा म्हणायचं, फिक्कट दिसणारं जुनं कार्ड काढायचं.

रीबूट केलं आणि ग्रब रेस्क्यू आलं. डिस्क गेली का?

नाही हो. ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, तोच अडलाय. माझ्यावर हे चांगलं दणकून आलंय. एका कामाच्या ठिकाणी सगळ्या डेबियन व्हीएम एकाच टेम्प्लेटवरून काढलेल्या होत्या. अपग्रेड स्वच्छ झालं, एक एरर नाही, रीबूट केलं तर काळ्या स्क्रीनवर "सिम्बॉल नॉट फाउंड" आणि खाली ग्रब रेस्क्यू. दुसरी केली, तेच. तिसरी करायची हिंमत झाली नाही. कारण असं निघालं की ग्रब कुठल्या डिस्कवर टाकायचा हे पॅकेजच्या सेटिंगमध्ये टेम्प्लेटच्या मूळ डिस्कच्या आयडीने लिहिलेलं होतं, आणि क्लोनमध्ये त्या आयडीची डिस्कच नव्हती. त्यामुळे बूट फोल्डरमधली मॉड्यूल्स नवीन झाली आणि डिस्कच्या सुरुवातीचा ग्रबचा तुकडा जुनाच राहिला, दोघांचं जमेना.

बायोसवर चालणारी क्लोन केलेली डेबियन किंवा उबुंटू व्हीएम असेल तर अपग्रेडच्या आधी ग्रब-पीसी पॅकेज रीकॉन्फिगर करून योग्य डिस्क निवडा. वेळ निघून गेली असेल तर व्हीएमला आयएसओ लावून त्यावरून बूट करा, रूट (ओएसचं मुख्य पार्टिशन) माउंट करून चरूट करा (म्हणजे त्या सिस्टिमच्या आत शिरा), ग्रब पुन्हा टाका.

आयएसओ लावायची सोय नसेल तर डिस्क दुसऱ्या व्हीएमला जोडून दुरुस्त करता येते. पण ती मदतनीस व्हीएम त्याच टेम्प्लेटवरची असेल तर दोन्ही डिस्कचे यूयूआयडी (ओळख क्रमांक) सारखे निघतात, एक्सएफएस फाइलसिस्टिम माउंट व्हायला नकार देतं आणि एलव्हीएम (डिस्कची जागा वाटणारी सोय) एकाच नावाचे दोन ग्रुप बघून गोंधळतं. वेगळ्या डिस्ट्रोची मदतनीस व्हीएम घ्या, डोकं शांत राहतं.

ग्रब नाही, ड्रॅकटचा इमर्जन्सी शेल आलाय.

म्हणजे कर्नल चालू झाला पण त्याला रूट डिस्क दिसत नाहीये. इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टिम) बनताना ती बनवणारा ड्रॅकट त्या वेळी जे हार्डवेअर दिसलं त्याचेच ड्रायव्हर आत घालतो. तुम्ही नंतर डिस्कचा कंट्रोलर बदललात की संपलं. कंट्रोलर परत जुना करा किंवा ग्रब मेन्यूतली रेस्क्यूवाली एंट्री निवडा, तिच्यात सगळे ड्रायव्हर असतात. बूट झालं की इनिटरॅमएफएस नव्याने बनवा. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) डिस्कचं एसडीए असं नाव लिहिलं असेल तर तेही यूयूआयडीवर आणा, व्हर्टआयओवर गेल्यावर तीच डिस्क व्हीडीए होते.

विंडोजमध्ये याचंच भावंड म्हणजे "इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" ची निळी स्क्रीन. तिथे एक जुनी युक्ती आहे: मुख्य डिस्क जुन्याच कंट्रोलरवर ठेवा, एक जीबीची रिकामी डिस्क नव्या कंट्रोलरवर जोडा, विंडोज चालू करून ड्रायव्हर टाका, बंद करा, मग मुख्य डिस्क हलवा.

डिस्क हायपरवायझरमध्ये वाढवली, आत मात्र तेवढीच दिसतेय.

खोकं मोठं झालं, पार्टिशन नाही. लिनक्समध्ये ग्रोपार्टने पार्टिशन वाढवा, मग फाइलसिस्टिमप्रमाणे रीसाइझ. विंडोजमध्ये सी ड्राइव्हच्या लगेच पुढे रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं आणि एक्स्टेंडचा पर्याय करडा दिसतो, ते बाजूला केल्याशिवाय जागा मिळत नाही. लिनक्समध्ये बूट पार्टिशन वेगळं आणि छोटं असेल तर जुने कर्नल आधी काढा, तिथे जागा संपून अपग्रेड मधेच लटकतं.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये अपग्रेडनंतर गेस्ट प्रचंड स्लो झालाय.

खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय का? खरंच कासव असतं तिथे. दिसलं तर व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरची सोय थेट मिळत नाहीये, होस्टवर हायपर-व्ही बसलंय आणि त्याच्यामार्फत काम चाललंय. गेस्टचा काही दोष नाही. होस्टला विंडोज ११ केल्यावर मेमरी इंटिग्रिटी (विंडोजची एक सुरक्षा सोय) चालू झाली, किंवा डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) टाकलं, की हे होतं. ते बंद करायचं का हा सुरक्षेचा प्रश्न आहे, नीट विचार करून ठरवा.

कासव नसेल आणि नुसती स्क्रीन काळी असेल तर थ्रीडी अॅक्सेलरेशन बंद करून बघा आणि व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर, म्हणजे गेस्ट अॅडिशन्स नव्या कर्नलसाठी पुन्हा बनवा, त्यासाठी कर्नल हेडर नावाचं पॅकेज लागतं.

सेंटओएस ७ लिनक्सचं काय करू? यम (त्याचं पॅकेज टाकायचं टूल) पण चालत नाही.

त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला आणि मिररलिस्टचा (यम पॅकेजेस कुठून आणायची त्या यादीचा) पत्ताही गेला. रेपो व्हॉल्टच्या (जुन्या पॅकेजेसच्या साठ्याच्या) पत्त्यावर वळवा म्हणजे निदान यम चालेल. पुढे जायला अल्माचं एलिव्हेट हे अपग्रेड टूल आहे, पण क्लोनवर दोनदा केल्याशिवाय हात लावू नका, आणि आत एखादंच अॅप असेल तर सरळ नवीन व्हीएम बनवून ते हलवा, मी तरी तेच करतो.

व्हीएमचं हार्डवेअर व्हर्जन पण लगे हात वाढवून टाकू?

एका दिवशी एकच बदल. आधी टूल्स, मग ओएस, आठवडाभर नीट चाललं की हार्डवेअर व्हर्जन (व्हीएमच्या खोट्या हार्डवेअरची आवृत्ती). ते वाढवलं की मागे आणायची सरळ सोय नाही आणि जुन्या होस्टवर व्हीएम चालत नाही. अपवाद एकच, नवीन ओएसलाच ते लागत असेल तर आधी करावं लागतं.

सगळं झालं. स्नॅपशॉट कधी उडवू?

अॅप्स तपासली, एक पूर्ण बॅकअप झाला, की लगेच. व्हीएमवेअर स्वतः ७२ तासांपेक्षा जास्त एकच स्नॅपशॉट ठेवू नका म्हणतं. डेल्टा मोठा असेल तर डिलीट बराच वेळ ९९ टक्क्यांवर अडकल्यासारखं दिसतं आणि व्हीएम मधेमधे अडखळते, तेव्हा रात्रीचं लावा, आणि ९९ वर कितीही वेळ थांबलं तरी होस्ट रीस्टार्ट करायला जाऊ नका, खाली डेल्टा मूळ डिस्कमध्ये मुरवायचं काम चालू असतं.